गोधडीआडचं ग्रहण

"घरात सुया किती आहेत?" मामींनी विचारलं.

"मला काय माहीत? मी काय शिंपीण आहे?"

"हेमा, उलट बोलू नकोस. आज तरी नको."

मामी म्हणजे माझ्या सासूबाई. सकाळपासून त्या घरभर फिरून धारेची आणि टोकाची प्रत्येक वस्तू एका पत्र्याच्या डब्यात गोळा करत होत्या. विळी, दोन सुऱ्या, कात्री, अडकित्ता, खवणी, माझ्या नवऱ्याची, म्हणजे अंबादासची, दाढीची ब्लेडं. शेवटी नेलकटरसुद्धा गेलं. डब्याला दोरी बांधून तो माळ्यावर ढकलला, तेव्हा कुठं त्यांचा जीव भांड्यात पडला.

माझा मात्र टांगलेलाच होता. मला चौथा महिना होता. आदल्या दिवशी संक्रांत झालेली, म्हणजे आज किंक्रांत. त्यात अमावस्या, आणि त्यावर भर दुपारी सूर्यग्रहण. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. अंबादास बिचारा कामावर निघून गेला होता. जाताना दारात घुटमळला आणि म्हणाला, "आई सांगेल तसं कर गं. एका दिवसाचा तर प्रश्न आहे." त्याचं काय जातंय म्हणायला!

पण खरं सांगते, बार्शीतल्या त्या घरात सगळ्यात जास्त घाबरलेली मीच होते.

माझा वरचा ओठ जन्मतःच फाटलेला. लहानपणी सोलापूरला एका शिबिरात शिवला, थोडी मोठी झाल्यावर पुन्हा शिवला. नाकापासून ओठापर्यंत पांढरी रेघ राहिली आणि बोलणं जरा नाकातून येतं, एवढंच. पण शाळेत पोरांनी 'फाटकी' म्हणायचं ते म्हटलंच. आणि तो कसा फाटला, हे आमच्या सबंध गावाला पाठ होतं. माझ्या वेळेस आईलाही चौथाच महिना होता. त्या माघात मोठं ग्रहण लागलं होतं. अक्कलकोटकडच्या आमच्या खेड्यात दुपारीच अंधारून आलं, कोंबड्या खुराड्यात जाऊन बसल्या. आणि आईनं ग्रहणात विळीवर वांगं चिरलं. तिनं वांगं चिरलं, म्हणून पोटातला ओठ चिरला. गावात आईला नावानं कमी आणि 'वांगं चिरलेली' म्हणूनच जास्त ओळखायचे. ती कधी कुणाला उलटून बोलली नाही. पण आमच्या घरात वांग्याची भाजी पुन्हा शिजली नाही.

मला बघायला आले तेव्हा मामींनी माझ्या ओठाकडं बघून सरळच विचारलं होतं, "जन्मापासूनच का हो?"

आईनं श्वासही घेतला नाही. "म्या ग्रहणात वांगं चिरलं हो. माझी चूक."

"असं होय," मामी म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा सैल झाला. "म्हणजे घराण्यात नाही." लगेच त्यांनी पोह्यांची बशी हातात घेतली. माझं लग्न ठरलं ते त्या वांग्यावर, असं मी अंबादासला चिडवायचे.

आता हीच मी तांबोळी सरांच्या वर्गाला जात होते, हे ऐकून कुणालाही हसू येईल. दिवाळीनंतर वाचनालयाच्या फळ्यावर पाटी लागली होती: 'खगोलशास्त्राची तोंडओळख. विज्ञान न शिकलेल्यांसाठी. दर रविवारी सकाळी.' मी इतिहासाची बी. ए., एका वकिलाकडे टायपिंग करायचे. विज्ञानाशी माझा संबंध दहावीला संपला तो संपला. पण पाटी वाचली आणि त्याच पावली नाव घालून आले.

तांबोळी सर शाळेतून रिटायर झालेले. पहिल्याच दिवशी म्हणाले, "ज्यांना विज्ञानात काठावर पास केलं होतं त्यांनी पुढं बसायचं. तुमच्यासाठीच आहे हे." सगळा वर्ग हसत हसत पुढं सरकला. मग त्यांनी प्रत्येकाला विचारलं, का आलात? कापडदुकानवाले होनराव म्हणाले, "दुकानात गिऱ्हाईक नसतं तेव्हा वर बघत बसतो. म्हटलं काय बघतोय ते तरी कळू दे." माझी पाळी आल्यावर मी म्हणाले, "ग्रहण."

"ग्रहण काय?"

"ते काय करतं ते बघायचंय."

सरांनी माझ्या ओठाकडं बघितलं आणि दुसरं काही विचारलं नाही. पुढं एका रविवारी त्यांनी हॉलच्या खिडक्या लावल्या, टेबलावर दिवा ठेवला, एका हातात लिंबू, दुसऱ्या हातात चेंडू. लिंबू दिव्यासमोरून हळूच नेलं. चेंडूवर एक काळा ठिपका सरकत गेला.

"झालं," सर म्हणाले. "हे ग्रहण."

"एवढंच?" मी ताडकन उभी राहिले. "नुसती सावली?"

"नुसती सावली."

मला रडू यावं की राग यावा कळेना. ह्या लिंबाच्या सावलीपायी माझ्या आईनं जन्मभर मान खाली घातली होती!

मग सरांनी आम्हाला व्हरांड्यात नेलं आणि पुठ्ठ्याला खिळ्यानं भोक पाडून उन्हात धरलं. फरशीवर एक लहानसा उजेडाचा गोल पडला. "भोक वाकडं पाडा, तिकोनी पाडा, पुठ्ठा पुरेसा लांब धरला की खाली गोलच पडणार. कारण तो भोकाचा आकार नाही, तो सूर्य आहे. सूर्याचं चित्र." होनरावांनी चप्पल काढून त्या गोलाला नमस्कार केला.

आणि नेमकं त्याच महिन्यात मला दिवस गेल्याचं कळलं. पंचांग उघडून मामींनी तारीख सांगितली आणि लिंबू-चेंडू सोडून मला आईचं वांगंच आठवलं. कळतंय पण वळत नाही, अशी गत. मी सरांना एकटं गाठून सांगितलं. त्यांनी थोडा वेळ चष्मा पुसला.

"हेमाताई, सावली मी शिकवू शकतो. भीती घालवायचा कोर्स माझ्याकडं नाही." मग पिशवीतून काळ्या फिल्मचा एक पुठ्ठ्याचा चष्मा काढून माझ्या हातात दिला. "शाळेच्या मैदानावर आम्ही सगळे असू. या, नाहीतर नका येऊ. पण घरून बघायचं झालं तरी ह्याच्याशिवाय वर बघायचं नाही."

तो चष्मा मी उशीच्या अभ्र्यात लपवला होता.

किंक्रांतीच्या आदल्या संध्याकाळी आई आली. खास ग्रहणासाठी, एस.टी.नं, मांडीवर दर्भाची जुडी घेऊन. आली तशी मामींना म्हणाली, "विहीणबाई, मी हिच्यापाशी बसते. मला ठावं हाय काय पाळायचं ते." दोघींनी मिळून मागची खोली तयार केली. खिडकीला जाड गोधडी ठोकली, दाराच्या फटीत जुनी लुगडी कोंबली. पाण्याच्या हंड्यात तुळशीची पानं टाकली.

ग्रहण लागायच्या आधी मला त्या खोलीत चटईवर, माझीच उशी डोक्याखाली देऊन झोपवलं. उताणं, सरळ.

"हातपाय मुडपू नगंस," आई म्हणाली. "खाजवू नगंस. बोटं मोडू नगंस."

"श्वास घेऊ ना?"

"घे. पर हळू."

मामी बाहेर दाराशी जपाची माळ घेऊन बसल्या. दार लागलं आणि अंधार झाला. मला आठवतंय, आधी नाकाचा शेंडा खाजायला लागला. मग गळा. मग पाठ. बाहेर गल्लीत कुणीतरी ओरडत गेलं, "दे दान, सुटे गिराण!" पुढं ते ओरडणंही लांब गेलं. एरवी दुपारी आमच्या गल्लीत भांड्यांचा, पोरांचा नुसता गलका असतो. त्या दिवशी एक कुत्रंही भुंकत नव्हतं.

मी मनात लिंबू आणि चेंडू आणत होते. सावली आहे, नुसती सावली आहे. पण पोटावर हात ठेवला की लिंबू नाहीसं व्हायचं आणि एक बाळ दिसायचं, त्याचा ओठ कुणीतरी धरून फाडतंय असं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, पण तो माझ्या पाठीशी कुठला, तो पोटावर बसला होता. मी डोळे घट्ट मिटून घेतले.

किती वेळ गेला कोण जाणे. आईच्या तोंडून एक विचित्र आवाज आला, दार करकरल्यासारखा. मी डोळे उघडले.

माझ्या पोटावर कोयते पडले होते.

लहान लहान, रुपयाच्या नाण्याएवढे, पिवळे उजेडाचे कोयते. पाच-सहा असतील. दोन पोटावर, एक मांडीवर, बाकीचे चटईवर. सगळ्यांची टोकं एकाच बाजूला. इतक्या अंधारात ते लखलखत होते.

"आलं," आई पुटपुटली. "ह्याही बारीला आत आलं." आणि ती माझ्या पोटावर पालथी पडली, दोन्ही हात पसरून. ते कोयते आता तिच्या पाठीवर, तिच्या पिकलेल्या केसांवर पडले. "मला खा," ती म्हणत होती. "मला खा, हिला सोड."

"आई! ह्याही बारीला म्हणजे?"

तिनं मला आणखी घट्ट आवळलं.

"आई, तू तर वांगं चिरलं होतंस ना?"

"न्हाई गं चिरलं वांगं."

"काय?"

"काय बी न्हाई चिरलं म्या." तिनं तोंड वर केलं. तिच्या गालावर एक कोयता होता. "अशीच पडून हुते. पाणी न्हाई, थुंकी गिळायची बी भीती. तुझी आज्जी दारात बसली हुती. समदं समदं पाळलं. तरी बी हे वरनं आलं आन् पोटावर पडलं. असंच. म्या कुणालाच सांगितलं न्हाई."

"मग ते वांगं कुठून आलं?"

"तू झालीस. सुईणीनं तोंड बघितलं अन् गप झाली. तुझी आज्जी म्हणली, ग्रहण तर मी सोता पाळून घितलं, मग असं कसं? म्हंजी पोरच अवदसा हाय, न्हाईतर हिच्या माहेरच्या रक्तात खोट हाय. तुला कुणी हात लावंना. कोपऱ्यात तशीच पडली हुतीस, रडून रडून काळी झालीस. मग म्या म्हणलं, आत्याबाई, तुमचा डोळा लागला हुता तवा मला भूक लागली, म्या चोरून वांगं चिरलं."

"मग?"

"मग हाणलं मला. पर तुला उचलून घितलं."

एकोणतीस वर्षं मी त्या वांग्याचा राग केला होता. आईचाही केला होता, तो वेगळाच. एवढी कसली भूक लागली होती गं तुला, असं मनात कितीदा म्हटलं असेन!

"रक्तातली खोट म्हणलं असतं तर तुला करून घितलं असतं का कुणी?" आई म्हणाली. "हाताची चूक एकदाच हुती. फुडं जात न्हाई."

तेवढ्यात तो गालावरचा कोयता हळूच सरकून तिच्या कानाकडं गेला, आणि मला तांबोळी सरांचा पुठ्ठा आठवला. भोक कसंही असू दे. तो भोकाचा आकार नाही, तो सूर्य आहे.

मी उठून बसले. "झोप, झोप," आई ओरडली. मी उभी राहिले आणि वर बघितलं. आमच्या मागच्या खोलीचे पत्रे जुने होते, दुसऱ्या शेडवरून काढून आणलेले. जुन्या खिळ्यांची भोकं तशीच होती. एरवी खिडकी उघडी असते, उजेड असतो, त्यातून काय पडतंय ते कोण बघतंय? ह्या बायकांनी गोधडी ठोकून, फटी बुजवून ग्रहण बघायची पेटीच तयार केली होती! ग्रहण बाहेर ठेवायला गेल्या आणि त्याला पोटावर बोलावून घेतलं.

कोपऱ्यात जाळी काढायचा लांब झाडू होता. मी त्याचा कुंचा वर नेऊन एका भोकावर धरला. चटईवरचा एक कोयता विझला. झाडू काढला, परत लागला.

"बघ. तू धर."

"म्या न्हाई."

"धर म्हणते ना!"

आईनं झाडू धरला. विझवला. परत लावला. पुन्हा विझवला. लहान पोर दिव्याच्या बटणाशी खेळतं तशी ती कितीतरी वेळ करत राहिली.

"भोकातनं येतंय," ती म्हणाली.

"भोकातनंच येतंय. तेव्हाही भोकातनंच आलं होतं. तो सूर्य आहे आई, चंद्रानं झाकलेला. त्याचं नुसतं चित्र. चित्र काही कापत नाही."

आई खाली बसली. झाडू मांडीवर. मग तिनं विचारलं,

"मंग तुझा ओठ कशानं चिरला गं?"

सावलीनं नाही, विळीनं नाही, आईनं नाही. मग उरलं काय? उरलं ते, ज्याला आज्जी खोट म्हणत होती. ते माझ्यात होतं. ते पोटातल्याला आधीच पोचलंही असेल, आणि जगातली कुठलीच गोधडी त्याला आडवी येणार नव्हती. मघाच्या कोयत्यांपेक्षा मला ह्याची भीती जास्त वाटली. ग्रहणाची भीती निदान दुपारी तीनला सुटणारी होती.

त्या खोलीत आता थांबण्यात अर्थच नव्हता. मी उशीतून चष्मा काढला आणि दार उघडलं.

मामी किंचाळल्याच. "अगं ए! वेड लागलं का तुला? सुटलं नाही अजून!"

"मामी, आतही तेच आहे. बाहेर निदान हवा आहे."

"विहीणबाई, तुम्ही तरी—"

पण आई माझ्या पुढं होती. ती सरळ अंगणात गेली आणि मान खाली घालून उभी राहिली. ऊन होतं, पण राख मिसळल्यासारखं. अंगाला लागतच नव्हतं. पेरूच्या झाडाखाली पानांच्या फटींतून शेकडो कोयते जमिनीवर हलत होते. आईनं ते बघितले, आणि पाय मागं घेतला नाही.

मी तिच्या डोळ्यांना चष्मा लावला, हातानं घट्ट धरला. "आता वर बघ."

तिनं बघितलं. तोंड उघडं राहिलं.

"खाल्लेल्या भाकरीवानी दिसतंय," ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "एवढ्याला भिऊन जल्म काढला का गं आपण?"

मग मी बघितलं. काळ्या फिल्ममध्ये तांबूस सूर्य, त्याला एक मोठा चावा. इतकं शांत होतं ते सगळं. मला वाटलं होतं, बघितलं की भीती जाईल. नाही गेली. फक्त आभाळातून उतरून माझ्या अंगात आली. मामी उंबऱ्यात उभ्या राहून रडत होत्या आणि मोठमोठ्यानं देवाचं नाव घेत होत्या. त्यांनाही त्यांचं नातवंड हवं होतं, त्यांचं काय चुकलं?

त्यानंतरचे महिने मी कसे काढले, माझं मला ठाऊक. सोनोग्राफीला गेलं की बाळ तोंडावर हात धरून बसायचं. मामी माझ्याशी कामापुरतं बोलायच्या. मी रविवारी वर्गाला जात राहिले. सर गुरू-शनी शिकवत होते आणि मी वहीत गोल काढून त्याला ओठ काढत होते.

ज्येष्ठात मुलगी झाली.

नर्सनं तिला दुपट्यात गुंडाळून आणलं आणि ती माझ्याकडं न बघता बोलली, "बाळ छान आहे हं. वजन चांगलं आहे." तेव्हाच मला कळलं. दुपटं बाजूला केलं. वरचा ओठ, डावीकडं. माझ्यासारखाच, त्याच बाजूला.

डॉक्टरीणबाई समजावत होत्या. ओठ दुसऱ्या महिन्यातच जुळतो किंवा राहतो. तुमचं ग्रहण नंतर आलं, त्याचा काही संबंध नाही. कधी कधी घराण्यातून येतं. तीन महिन्यांनी शिवून देऊ, हल्ली छान होतं. मी मान हलवत होते. माझं लक्ष दाराकडं होतं, कारण मामी आत येत होत्या.

त्या पाळण्यावर वाकल्या आणि तशाच मागं सरल्या. हात पुढं आलेले, ते परत पदरात गेले.

"तरी मी त्या दिवशी..." एवढंच म्हणाल्या.

बाळ रडायला लागलं. कुणी त्याला हात लावला नाही. अंबादास भिंतीला टेकून उभा होता, तोही नाही. मग कोपऱ्यातून आई पुढं आली. पदर सावरला, मान खाली घातली.

"विहीणबाई, हिचा काय दोष न्हाई. त्या दिशी म्याच हिच्याकडनं..."

मला कळलं ती काय सांगणार. तीस वर्षांपूर्वीचं वांगं ती पुन्हा विळीवर घेत होती. ह्या पोरीला कुणीतरी उचलावं म्हणून.

"आई, गप," मी म्हणाले. टाके ओढत होते, तरी मी कोपरावर उठले. "मामी, कुणी काही चिरलं नाही. माझ्या वेळेसही नाही आणि हिच्याही नाही. ग्रहणाचा काही संबंध नाही." मी बाळाच्या ओठाखाली बोट ठेवलं, मग माझ्या ओठावर. "माझ्यावर गेलीय ती. लेक आईवर गेलीय, बस."

मामी माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या. मग पाळण्यात. मग परत माझ्याकडं. मला बघायला आल्यावर पोह्यांची बशी उचलताना त्यांना जे कळलं नव्हतं ते आता कळत होतं, आणि ते मी उघड्या डोळ्यांनी त्यांना कळू देत होते. आईनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. बाळ रडतच होतं.

मामींनी डोळे पुसले. दोन्ही हात पुढं केले आणि तिला उचलून घेतलं.

"हनुवटी मात्र आमच्या अंबाची आहे," त्या म्हणाल्या.